दिवसा सांगितलेला सिनेमा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सावंगीला राहायला आले. खोली छान आहे असं मामाला फोनवर म्हटलं, तर त्याने लगेच अडवलं. आधी पाहिलं ते सांग, वाटलं ते मागून. म्हणून इथेही तसंच लिहिते. माडीवरची खोली, जिना बाहेरून. दोन खिडक्या. एकीतून मेडिकलच्या मुलींचं हॉस्टेल दिसतं, त्याच्या गच्चीवर पांढऱ्या एप्रनांची रांग वाळत असते. दुसरीतून कपाशीचं शेत, वेचणी चालू आहे. पलंग, टेबल, पंखा. पंखा दोनच्या पुढे फिरत नाही. आता वाटलं ते : फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची कडी असलेलं दार मिळालं.

घरमालकीण लीलाकाकू. कचेरीत क्लार्क होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण घरात भराभर चालतात, मीच आज दोनदा स्टुलाला अडखळले. त्यांनी मला काही विचारलं नाही, नुसतं बोल म्हणाल्या. काय बोलू, तर काहीही. मी लॅबची नोकरी, नोंदणीची खिडकी, संध्याकाळची पाळी असं सांगत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "आवाज साफ हाये. तू मले मधातलं सांगशील." मधातलं म्हणजे काय ते विचारायचं राहून गेलं. घाईत होकार दिला. न समजता होकार देऊ नये. उद्या विचारीन.

६ नोव्हेंबर

मधातलं म्हणजे काय ते कळलं. काकूंना थरारपटांचं वेड आहे, डोळे होते तेव्हापासून. मुलगा अनय पुण्याला असतो. त्याने हॉलमध्ये भिंतभर टीव्ही बसवून दिलाय आणि तिथूनच फोनवर सिनेमा भाड्याने घेऊन देतो. घेतलेला सिनेमा दोन दिवस राहतो, मग आपोआप जातो. काकूंची अडचण अशी की अशा सिनेमात बोलणं बंद झालं की खरं काय ते सुरू होतं. "सारे चूप बसले का समजाचं, कोणीतरी मरून राह्यलं. अन् मले कोण मेलं तेच दिसत नाई." मला हसू आवरेना. त्याही हसल्या.

तर ते मधलं मी सांगायचं. संध्याकाळी जमण्यासारखं नाही. मी चारला लॅबला जाते, आणि दिवे लागले की काकू गोळी घेऊन झोपतात. म्हणून दुपारी, जेवण झाल्यावर. सांगताना चूक होऊ नये म्हणून मी सकाळी एकटी बसून अख्खा सिनेमा आधी पाहून घेते. काकू म्हणतात, एवढी तपासणी तर लोक जावयाची करत नाहीत.

पहिला सिनेमा : एक बाई लिफ्टमध्ये अडकते, बाहेर खुनी. मत : पहिला अर्धा तास उत्तम. दाराच्या फटीतून येणारा उजेड आणि त्यात मधूनच पडणारी सावली, बस. एवढ्यावर त्यांनी माझा घाम काढला. पण मोबाइलची बॅटरी नेमकी पोलिसांना फोन लागतो तेव्हाच संपते, हे फार सोयीचं झालं. शिवाय तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, मी स्वतः पाहिली, आणि बाईसाहेब तहानेने व्याकूळ! काकूंनी खुनी केव्हाच ओळखला होता. आवाजावरून. "जो लय गोड बोलून राह्यला, तोच."

काकू ऐकतात छान. प्रत्येक वाक्याला "हं". मला एकदम रोहण्याचं घर आठवलं. दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेतच गेले नाही. बाबा गेल्यावर श्रीधरमामा आमच्याकडे येऊन राहिला, आणि तोच माझी शाळा झाला. गणित झालं की गोष्ट, आणि गोष्टीला मी असाच हुंकारा द्यायची.

१० नोव्हेंबर

दुसरा सिनेमा : नवऱ्यावर संशय घेणारी बायको. मत : नापसंत. आणि का, ते नीट लिहिते. सुरुवातीला आपल्याला स्पष्ट दाखवतात की नवरा रक्ताळलेले हात धुतोय. शेवटी म्हणतात, ते तिच्या मनात आलं होतं, तसं घडलंच नव्हतं. हा अन्याय आहे. पात्रं खोटं बोलली तर चालतं, पण दाखवणाऱ्याने खोटं दाखवलं तर आपण धरायचं काय? काकूंना मात्र आवडला. मी तावातावाने बोलत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "तुह्या मामानं तुले एखादी थाप तरी मारू द्याची होती, पोरी."

भांडी घासायला येणारी धुरपता दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, दिवसा गोष्टी सांगून राह्यल्या तुमी? मामा हाये ना तुमाले?" मी म्हटलं, आहे, एकच आहे. "मंग? दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट भुलते. तुमच्या रोहण्यात नाई सांगत का कोणी?"

सांगतात. आई सांगायची. म्हणून तर मामा गोष्टी रात्रीच सांगायचा, हसत हसत, की बाबा रे, मला माझ्या मामाची काळजी आहे. मी धुरपताला म्हटलं हा सिनेमा आहे, गोष्ट नाही. पण हे उत्तर देताना मला बरं वाटलं नाही. मी सांगते ती गोष्टच असते.

मामाला फोन केला. तो खूप हसला. म्हणाला, तुझा मामा भूगोल शिकवायचा, वाट चुकला तर नकाशा काढेल.

११ नोव्हेंबर

एक गोष्ट नीट लावता येत नाही. संध्याकाळी निघताना काकू म्हणाल्या, काल तो नवरा बेसिनपाशी जातो तिथून पुढे मला झोप लागली, उद्या परत सांगजो.

बेसिनचा प्रसंग अगदी सुरुवातीला आहे. त्यानंतर मी तासभर सांगत होते. त्यांच्याकडे पाठ होती माझी, मी पडद्याकडे बघत होते. आणि प्रत्येक वाक्याला हुंकारा येत होता.

धुरपता असेल. पण धुरपता तर दारात समोर होती, मला दिसत होती.

१४ नोव्हेंबर

तिसरा सिनेमा काल सकाळी पाहिला. हा आतापर्यंतचा सर्वांत चांगला आहे हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल. एक फिरता विक्रेता चुकीच्या थांब्यावर बसमधून उतरतो. भर दुपार. रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना बंद दुकानं, सगळ्यांची शटरं हिरवी. रस्त्याच्या मधोमध स्टेशनवर असतं तसं वजनाचं यंत्र, त्यात लाल दिवे गोल फिरतायत. कोणीही कोणाच्या अंगावर धावून येत नाही. संगीत नाही. भीतीचा सिनेमा इतक्या उन्हात मी पाहिला नव्हता.

दुपारी काकूंना सांगायला बसले. विक्रेता यंत्रापाशी येतो इथवर झालं आणि मामाचा फोन आला. आर्वीच्या बाजारातून येताना तो गावातच चुकला. आपल्या रोहण्यात! शाळेच्या मागच्या रस्त्याला लागला आणि घर कुठल्या हाताला ते आठवेना, शेवटी कोणाच्या तरी पोराने घरी आणून सोडलं. तो गंमत म्हणून सांगत होता. वय झालं म्हणाला. पण शेवटी विचारलं, की वल्लू, आपल्या गल्लीतली दुकानं हिरवी कधी रंगवली गं?

मी टीव्ही बंद केला. काकूंना सांगितलं, यापुढे दिवसा नाही. त्या रागावल्या. "अर्ध्यात काऊन सोडली? अर्धी गोष्ट सोडत असते का कोणी?" मी माफी मागितली, पण पुढचं सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

सिनेमा भाड्याची मुदत संपून गेला. बरं झालं.

दुपारी काकू त्यांच्या खोलीत निजल्या होत्या. मी हॉलमधून पाणी घ्यायला गेले. टीव्ही बंद. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून स्पष्ट आलं, "हं."

थांबून ऐकलं. पुन्हा आलं. घाई केल्यासारखं. गोष्ट सांगणारा दम खायला थांबला की आपण देतो, पुढे चल म्हणून, तसं.

काकूंना उठवून सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "मी का एकटीच ऐकत होती? ते बी ऐकते. मी झोपली तरी ते ऐकतेच." ते म्हणजे कोण, विचारलं. म्हणाल्या, त्यांना काय माहीत, त्यांना दिसतं थोडंच. "माह्या वाट्याले नाई जात कधी. त्याले फक्त गोष्ट पाह्यजे. पुरी."

मग मला म्हणाल्या, तू आली म्हणून मी बी पुन्हा ऐकू शकले, तू रागावू नको. त्यांचा हात माझ्या हातावर होता. रागावणार तरी कशी.

१७ नोव्हेंबर

माडीवरही ऐकू येतं आता. जिन्यातून. हं. हं.

लॅबमध्ये आज दोन नावं चुकीची टाकली. असं कधी होत नाही माझं.

धुरपताला विचारलं, यावर उपाय काय असतो. ती म्हणाली उपाय कसला, गोष्ट अर्धी ठेवली की ऐकणारा अडकते आणि ज्याची वाट गेली तो बी अडकते. पुरी करा नाही तर मामाले घराबाहेर पडू देऊ नका.

मामाला फोन केला. घराबाहेर पडू नको म्हटलं. कारण सांगता आलं नाही. त्याने तीनदा विचारलं, काय पाहिलंस ते सांग. मी नुसती रडत राहिले. फार मोठी चूक केली.

१८ नोव्हेंबर

चूकच केली. रडणं ऐकून तो निघतोय. उद्या सकाळच्या गाडीने. आईचंही ऐकत नाही. म्हणाला, माझी पोरगी रडते आणि मी घरी बसू?

अनयदादांना सांगून तो सिनेमा परत भाड्याने घ्यायला लावला. ते हसले, इतका आवडला का म्हणून. हो म्हटलं. खोटं बोलले. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा इतकं सहज.

शेवट लिहून ठेवते, मला नक्की माहीत असावा. विक्रेता गल्लीच्या टोकाच्या घरापाशी येतो. दार उघडं असतं. आत जातो. दार लागतं, आणि तेव्हा दिसतं की दाराला आतून कडी नाही, मूठ नाही, काहीच नाही, सपाट फळी. यंत्रावरचे लाल दिवे विझतात. थांब्यावर दुसरी बस येऊन उभी राहते. संपला.

हा शेवट मी सांगू शकत नाही. उद्या मामा रस्त्यावर असेल.

पण गोष्ट तर पुरी करायची.

१९ नोव्हेंबर

सकाळ.

पुलगावला गाडी बदलली, असा त्याचा फोन येऊन गेला. आवाज ठीक. जेवणाआधी पोहोचतो म्हणाला. मी गेटपाशी उभी राहणार आहे. तो डोळ्यांना दिसेपर्यंत तोंडातून काही काढणार नाही.

नंतर.

आला नाही. वर्ध्याहून सावंगी ती किती, रिक्षानेसुद्धा कोणी चुकत नाही.

फोन आला. मामा जामला आहे. जाम! वर्ध्याच्या पार पलीकडे, नागपूरच्या हायवेवर. म्हणतो सावंगी आली असं कंडक्टर ओरडला म्हणून उतरलो, पाटीवर जाम लिहिलंय. मी म्हटलं तिथेच थांब, चौकात ट्रक असतात, ढाबे आहेत, कोणालाही विचार. तो म्हणाला, कोणी नाही गं.

जामच्या चौकात कोणी नाही?

म्हणाला, दुकानं बंद आहेत सगळी. हिरवी शटरं.

फोन स्पीकरवर ठेवलाय. ऐकतेय तसं लिहितेय. धुरपता इथेच आहे, दाराला धरून. मामा चालतोय. दिसतं ते सांगतोय, शिकवायचा तसं, एकेक वाक्य. ऊन आहे. सावली नाही. रस्त्याच्या मध्ये एक वजनाचं यंत्र आहे, मी सांगू का वल्लू, तुझ्या लहानपणी पुलगाव स्टेशनवर होतं तसं—

त्याच्या प्रत्येक वाक्याला इथे, रिकाम्या खुर्चीत, हं.

मी म्हटलं मामा उभा राहा. हलू नको. तो म्हणाला, उभं राहवत नाही गं, पाय जातात आपले.

धुरपता म्हणते पुरी करा ताई, आता पुरी करा. काकू येऊन बसल्या. टीव्ही लावलाच नाही. पाठ आहे मला.

सांगितलं.

वेगळं सांगितलं. यंत्राच्या पुढे गल्ली होती, गल्लीच्या टोकाला ओळखीचं घर होतं. त्याच्या माणसाचंच घर. त्याने हाक मारली, आणि आतून ओळखीच्या माणसाने दार उघडलं, आणि तो पोहोचला. संपली गोष्ट. सगळे घरी.

काकू हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लय गोड बोलली व आज."

खुर्चीकडून काही आलं नाही.

काहीच नाही. इतकी शांत कधी नव्हती ती खोली—

मामा बोलतोय. आवाज एकदम मोकळा. अगं, पोहोचलो की! तुझंच घर, जिना बाहेरून, सांगितला होतास तसा. एप्रन वाळतायत. तू म्हणाली होतीस ते शेत.

फोन घेऊन धावत बाहेर गेले. गेट उघडं टाकलं. रस्त्यावर हॉस्टेलच्या दोन मुली, भाजीचा गाडा. मामा नाही. दोन्ही बाजूंना पाहिलं. मामा नाही.

मामा, मी गेटमध्ये उभी आहे, तू कुठे—

परत हॉलमध्ये आले. त्याला ऐकू जात नाही. तो दुसऱ्याच कोणाशी बोलतोय. हसतोय. म्हणतो, दार उघडायला किती वेळ गं, आणि वाळलीस केवढी, जेवतेस की नाही.

आणि एक मुलगी म्हणाली, ये मामा. बस. पाणी आणते.

माझा आवाज आहे. धुरपताने पदर तोंडाशी धरला. काकू माझ्याकडे वळल्या आणि मग फोनकडे वळल्या. त्यांनाही फरक कळला नाही.

ती मी नाही. मामा, ती मी नाही. ओरडले. परत ओरडले.

तो पाणी पितोय. ऐकू येतंय. ग्लास ठेवला. म्हणाला, रडत का होतीस ते आता सांग, सुरुवातीपासून, काय काय पाहिलंस. ती म्हणाली सांगते. भर दुपारी, ती म्हणते—

आधी खरा शेवट सांगते परत. खराच. नाही, तो नको. तो सांगितला तर दार— पण ती गोष्ट तर तिथे आधीच— मी काय सांगू, काय सांगितलं म्हणजे तो उठेल—

ती विचारते आहे, दार लावून घेऊ का मामा.

तो म्हणतो लाव की, ऊन येतंय आत.

नको मामा. उठ. पाय लाव मध्ये, चप्पल लाव, काहीही लाव, त्या दाराला आतून क